ताळा

एकोणीस वर्षं मी मुलांना इंटिग्रेशनची पहिली स्टेप सांगत आलो. मुलगा वही घेऊन समोर उभा राहिला, की मी गणितावर एक नजर टाकायचो आणि म्हणायचो, "एक्सचा वर्ग अधिक एक बरोबर टी धर." नाहीतर, "बाय पार्ट्स लाव, एक्स पहिला घे." मुलाचा चेहरा उजळायचा. पुढचं तो भराभर सोडवायचा, उत्तर जुळायचं, "थँक्यू सर" म्हणून निघून जायचा. एका मुलाची गाडी आपण मार्गी लावली, असं मला मनापासून वाटायचं.

आज तसं वाटत नाही. त्या एका ओळीत गणिताचं खरं काम मी करून टाकत होतो आणि उरलेली हमाली त्याच्या हाती देत होतो. हे कळायला मला फार वर्षं लागली. कसं कळलं, ते लिहायचं मनात बरेच दिवस होतं.

मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात बारावी सायन्सला गणित शिकवतो. समाकलन हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही, सगळे इंटिग्रेशनच म्हणतात. बारावीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात डेरिव्हेटिव्ह आणि त्याचे उपयोग झाले, की हा धडा येतो, आणि अकरावीला बऱ्यापैकी मार्क घेतलेली मुलंही इथं येऊन अडतात. डेरिव्हेटिव्हला नियम असतो. गुणाकार दिसला की गुणाकाराचा नियम, भागाकार दिसला की भागाकाराचा. डोळे मिटून चालत राहिलं तरी माणूस मुक्कामी पोचतो. इंटिग्रेशनला तशी वाट नाही. साधंसं दिसणारं गणित दोन तास घेतं, आणि भलंमोठं दिसणारं दोन ओळींत सुटतं.

यावर मी एक उपाय काढला होता. माझ्याकडे एक फाइल होती. इंटिग्रेशनची जेवढी म्हणून गणितं येऊ शकतात, त्यांचे मी तेवीस टाइप पाडले होते. प्रत्येक टाइपला ओळखायची खूण, पहिली स्टेप आणि सरावाला दहा गणितं. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ती फाइल कायमची ठेवलेली असायची. शेजारच्या तालुक्यातली मुलंसुद्धा येऊन तिच्या प्रती नेत. माझा विश्वास पक्का होता: अडणाऱ्या मुलाला सराव कमी पडलेला असतो, टाइप ओळखता आला की इंटिग्रेशन आलं. मला माझ्या शिक्षकांनी असंच शिकवलं होतं आणि मला मार्कही चांगले पडले होते. त्यामुळे या विश्वासाकडे वळून बघायची कधी गरज वाटली नाही.

त्या विश्वासाला पहिला तडा गेला तो एका मुलीमुळे, आणि गेला तेव्हा मला तो दिसलाही नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. ही मुलगी आठ-दहा दिवस कॉलेजला आली नव्हती आणि नेमकं त्याच दिवसांत मी बाय पार्ट्स शिकवून संपवलं होतं. एका दुपारी ती स्टाफरूममध्ये आली. बोटांना बोंडांच्या टोकांनी पडलेले ओरखडे होते. मैत्रिणीच्या वहीतून गणितं उतरवून घेतली होती, त्यातलं पहिलंच अडलं होतं: एक्स कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन. मी तिला समोर बसवलं, "हा बाय पार्ट्सचा टाइप आहे," एवढं म्हणालो, आणि तेवढ्यात शिपाई आला. प्राचार्यांनी बोलावलं होतं. "बस, आलोच मी," म्हणून गेलो तो वीस-पंचवीस मिनिटं तिकडेच अडकलो.

परत आलो तर ती वहीत मान घालून बसलेली होती. म्हणाली, "सर, आलं बहुतेक."

"कसं काय? बाय पार्ट्स तर तुझं झालेलंच नाही."

"एक्स कॉस एक्स आणायचाय ना, म्हणून मी आधी एक्स साइन एक्स लिहून बघितला. त्याचा डेरिव्हेटिव्ह केला. एक्स कॉस एक्स तर आला, पण एक साइन एक्स बाकी राहिला. तो नको होता. मग त्याला घालवायचं कसं ते बघत होते. कॉस एक्सचा डेरिव्हेटिव्ह वजा साइन एक्स येतो. म्हणून एक्स साइन एक्समध्ये कॉस एक्स मिळवला. आता बरोबर येतंय."

खाली तिनं पूर्ण डेरिव्हेटिव्ह पुन्हा करून दाखवला होता. साइन एक्स, अधिक एक्स कॉस एक्स, वजा साइन एक्स. दोन साइन एक्स तिरप्या रेघेनं कापले होते. उरला होता एक्स कॉस एक्स.

यापुढं मी जे केलं ते लिहायला जड जातं. मी लाल पेन घेतलं, तिच्या त्या सगळ्या कामावर आडवी रेघ मारली आणि म्हणालो, "उत्तर बरोबर आहे, पण असं चालत नाही. पेपरात मेथड लिहावी लागते. ही घे मेथड." आणि बाय पार्ट्सचं सूत्र लिहून दिलं, खाली लायेटचा क्रम लिहून दिला: आधी लॉगॅरिथमिक, मग इन्व्हर्स, मग अल्जेब्राइक, मग ट्रिगोनोमेट्रिक, मग एक्स्पोनेन्शियल. पहिला कुठला घ्यायचा ते यावरून ठरवायचं. तिनं मान हलवली, वही मिटली आणि गेली.

पुढच्या चाचणीत त्याच जातीचं गणित होतं. तिनं सूत्र अचूक लिहिलं होतं. पण क्रम उलटा लक्षात राहिला होता, त्यामुळे एक्सऐवजी ट्रिगोनोमेट्रिक फंक्शन पहिलं घेतलं होतं. तसं केलं की एक्सचा वर्ग येतो, पुन्हा केलं की घन येतो, गणित सुटायच्या ऐवजी फुगत जातं. तिनं दोन ओळींनंतर सोडून दिलं होतं. पानाचा खालचा अर्धा भाग कोरा. मी त्यावर "क्रम पाठ कर" असा शेरा लिहिला.

जिनं स्वतःच्या अकलेनं बाय पार्ट्स शोधून काढलं होतं, ती महिन्याभरात बाय पार्ट्सवरच अडली होती, आणि तिला अडवणारा मी होतो. तेव्हा माझ्या हे ध्यानात आलं नाही. आलं ते दोन वर्षांनी.

त्या वर्षी सराव परीक्षेचा पेपर काढताना मी घाईत एक गोष्ट केली. एरवी मी उदाहरणसंग्रहाच्या क्रमानं गणितं घ्यायचो. या वेळी वेगवेगळ्या ठिकाणची गणितं उचलून, क्रम मोडून, वर कसलंही शीर्षक न देता एका पानावर टाकली. सगळी ओळखीची. निम्मी तर माझ्याच फाइलमधली. निम्म्याहून जास्त मुलांनी निम्म्याहून जास्त पान कोरं ठेवलं. पेपर चालू असताना एक हुशार मुलगा हात वर करून म्हणाला, "सर, हा कुठला टाइप आहे तेवढं सांगा ना, पुढचं येतं मला."

पुढचं येतं मला. ते वाक्य डोक्यातून जाईना. रात्री पेपर तपासायला बसलो तेव्हा दिसलं, की माझी मुलं गणित सोडवतच नव्हती. पानाच्या वर छापलेलं शीर्षक त्यांच्यासाठी गणित सोडवत होतं. शीर्षक काढून घेतलं की त्यांच्यापाशी सुरुवात करायला काहीच नव्हतं. आणि त्याच रात्री ती मुलगी आठवली. तिच्यापाशी शीर्षक नव्हतं, मेथड नव्हती, पण सुरुवात होती. काय आणायचंय हे तिला माहीत होतं. ते येईल असं काहीतरी तिनं लिहिलं, ताळा केला, बाकी बघितली आणि बाकीचा बंदोबस्त केला.

ताळा हा शब्द मला त्या रात्री फार वर्षांनी आठवला. चौथीत भागाकार शिकताना गुरुजी ताळा करायला लावायचे. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, बरोबर भाज्य. आणि भागाकार करताना तरी आपण काय करायचो? तीनशेला सत्तेचाळीसनं भागायचंय. सत्तेचाळीसचा पाढा कुणाला येतो? सातनं बघितलं, तीनशे एकोणतीस झाले, जास्त झाले. सहानं बघितलं, दोनशे ब्याऐंशी, बाकी अठरा. पाटीवर कोपऱ्यात हे करून बघायची जागाच ठेवलेली असायची. अंदाज चुकला म्हणून कुणी रडलं नाही, कुणी ओरडलंही नाही. गुणाकाराला पाढे आहेत, भागाकाराला अंदाज आणि ताळा आहे, हे नऊ वर्षांच्या पोराला पटत होतं. इंटिग्रेशन म्हणजे डेरिव्हेटिव्हचा भागाकारच. मग सतराव्या वर्षी त्याच पोराला मी असं का शिकवत होतो, की पहिल्या ओळीलाच अचूक ठरव, नाहीतर पेन उचलू नकोस?

आमच्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथं मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. आम्ही दर वर्षी मुलांची सहल तिकडे नेतो, शिलालेख दाखवतो, हार घालतो. पण लीलावतीत इष्टकर्म नावाची जी रीत आहे, ती मी वर्गात कधी काढली नव्हती. रीत अशी: उत्तर माहीत नाही ना, मग मनाला येईल ती संख्या धरा. एखाद्या संख्येचं अर्धं आणि तिचा तिसरा भाग मिळून पन्नास होतात, ती संख्या कोणती? सहा धरा. तीन आणि दोन, पाच झाले. हवे होते पन्नास, म्हणजे दहापट. तर संख्या साठ. धरलेली संख्या चुकीची होती, पण किती चुकीची होती हे तिनंच सांगितलं.

आता मी सबस्टिट्यूशनच्या आधी हेच करून घेतो. एक्स गुणिले कंसात एक्सचा वर्ग अधिक एक, कंसाचा पाचवा घात. मुलं विचारतात, टी काय धरू? मी म्हणतो, टी राहू दे. उत्तर कसं दिसेल असं वाटतं? कुणीतरी म्हणतं, त्याच कंसाचा सहावा घात असेल. लिही. डेरिव्हेटिव्ह कर. सहा गुणिले दोन एक्स गुणिले कंसाचा पाचवा घात. म्हणजे आपल्याला हवं होतं ते आलं, फक्त बारापट आलं. बारानं भाग. झालं.

पण इथंच एक खड्डा आहे आणि त्यात मुलं हमखास पडतात. तो खड्डा मी आता बुजवत नाही, त्यात पडू देतो. बाहेरचा एक्स काढून टाकायचा, नुसता कंसाचा पाचवा घात ठेवायचा. मुलं पुन्हा सहावा घात लिहितात, डेरिव्हेटिव्हमध्ये बारा एक्स जास्तीचा येतो, आणि मुलं बिनदिक्कत बारा एक्सनं भागतात. मी काहीच बोलत नाही. "ताळा कर," एवढंच. आता भागाकाराचा नियम लावावा लागतो, खाली एक्स आहे, आणि नको असलेलं एक अख्खं पद बाहेर येतं. बारा ही संख्या होती, ती डेरिव्हेटिव्हमधून जशीच्या तशी पार होत होती. एक्स तसा पार होत नाही. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं फळ्यावर लाल खडूनं चौकट करून लिहिली होती आणि वर्षानुवर्षं मुलं ती विसरत होती. स्वतःच्या वहीत ते जास्तीचं पद उभं राहिलेलं बघितलेला मुलगा सहसा विसरत नाही. आणि मग तो आपणहून कंस उलगडून एकेका पदाचं इंटिग्रेशन करायला लागतो.

अंदाज चुकण्याची मुलांना लाज वाटते. ती घालवायला मी त्यांना लायब्निझची गोष्ट सांगतो. इंटिग्रेशनची ती लांबट खूण त्याचीच. बेरजेच्या लॅटिन शब्दातलं पहिलं अक्षर ताणून त्यानं ती २९ ऑक्टोबर १६७५ च्या टिपणात लिहिली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, ११ नोव्हेंबरच्या टिपणात, तो स्वतःला विचारतो आहे: गुणाकाराचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे डेरिव्हेटिव्हांचा गुणाकारच असेल का? तपासतो, आणि तसं नाही असं ठरवतो. ज्या चुकीसाठी मी वह्यांवर लाल गोल काढत होतो, तीच शंका या विषयाच्या जनकालाही आली होती. फरक एवढाच, की त्यानं ती कागदावर मांडली आणि तपासली.

सीकंटची गोष्ट तर मला याहून जवळची वाटते. सीकंट एक्सचं इंटिग्रेशन मी असं शिकवायचो: वर आणि खाली सीकंट अधिक टॅनजंटनं गुणा, मग अंशस्थानी छेदाचाच डेरिव्हेटिव्ह येतो, लॉग लिहा. मुलं दरवर्षी विचारायची, "हे सुचलं कसं?" आणि मी दरवर्षी म्हणायचो, "पाठ करा." कसं सुचलं हे मलाच माहीत नव्हतं. खरी हकीकत समुद्रावरची आहे. मर्केटरचा नकाशा १५६९ चा. त्यात सगळी अक्षवृत्तं सारख्या लांबीची दाखवतात, म्हणजे ध्रुवाकडे जाताना नकाशा आडवा ताणला जातो, सीकंटच्या पटीत. दिशा बिघडू नयेत म्हणून उभाही तेवढाच ताणायला हवा. तेव्हा विषुववृत्तापासून अमुक अक्षांश किती अंतरावर काढायचा, हे काढायचं तर सीकंटची बेरीज करत जावी लागते. एडवर्ड राइट नावाच्या इंग्रज गणितज्ञानं ती अंशाच्या साठाव्या भागाएवढी पावलं टाकत अक्षरशः केली आणि १५९९ मध्ये कोष्टक छापलं. पुढं १६४५ च्या सुमारास हेन्री बाँड या शिक्षकाच्या नजरेला आलं, की हे कोष्टक आणि टॅनजंटच्या लॉगचं कोष्टक जुळतंय. नुसते आकडे जुळत होते. सिद्धता कुणापाशी नव्हती. ती जेम्स ग्रेगरीनं १६६८ मध्ये दिली, आणि १६७० मध्ये आयझॅक बॅरोनं पार्शल फ्रॅक्शनचा उपयोग करून जास्त सुबोध रीतीनं दिली. म्हणजे उत्तर आधी आलं, रीत वीस-पंचवीस वर्षांनी. मी मुलांना रीत आधी देऊन उत्तर त्याच्यामागून यायला लावत होतो आणि त्यालाच गणिताची शिस्त म्हणत होतो. सीकंटची ही हकीकत वाचली, त्या दिवशी मी फाइल झेरॉक्सच्या दुकानातून परत आणली.

ताळ्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. मुलं अडतात ती दर वेळी सुरुवातीलाच अडतात असं नाही. कितीतरी मुलं उत्तर काढल्यावर अडतात. पुस्तकाच्या मागचं उत्तर वेगळं असतं. दोन साइन एक्स कॉस एक्स हे साधं गणित घ्या. एकानं साइनला टी धरलं, त्याचं उत्तर साइनचा वर्ग. दुसऱ्यानं कॉसला टी धरलं, त्याचं उत्तर वजा कॉसचा वर्ग. तिसऱ्यानं ते साइन दोन एक्स आहे हे ओळखलं, त्याचं उत्तर वजा अर्धा कॉस दोन एक्स. पुस्तकात तिघांपैकी एकाचंच असणार. उरलेले दोघं बरोबर आलेलं गणित खोडून पुन्हा करत बसतात. असं खोडलेलं मी शेकडो वेळा बघितलंय, आणि "पुस्तकातल्यासारखं कर" असं म्हणालोही आहे. आता त्या तिघांना मी फळ्यापाशी उभं करतो. तिघांनी ताळा करायचा. तिघांचंही दोन साइन एक्स कॉस एक्सच येतं. मग एक्सच्या जागी शून्य घालायला लावतो: शून्य, वजा एक, वजा अर्धा. दुसरा कोन घाला, आकडे बदलतात, पण एकमेकांतलं अंतर तेच राहतं. शेवटी लिहायचा तो अधिक सी, जो विसरला म्हणून आम्ही अर्धा मार्क कापतो, तो कशासाठी आहे हे त्या दिवशी मुलांना डोळ्यांनी दिसतं. आपलं उत्तर बरोबर आहे की नाही, हे ठरवायला पुस्तकाची पानं उलटावी लागत नाहीत, हे कळल्यावर मुलाची बसण्याची पद्धतसुद्धा बदलते. मी ती बदलताना बघितली आहे.

ताळ्यानं सगळं सुटतं असं मात्र नाही. बरीच मुलं इंटिग्रेशनला अडलेलीच नसतात, ती आठवी-नववीच्या बीजगणिताला अडलेली असतात. एक्स भागिले एक्स अधिक एक, हे दिलं की एक्स भागिले एक्स, अधिक एक्स भागिले एक, असं तोडतात. इथं कसली मेथड आणि कसला टाइप? मी म्हणतो, एक्सच्या जागी एक घाल. मूळ अपूर्णांक अर्धा येतो, तोडलेलं दोन येतं. मग मूल आपणच थांबतं. अंशात एक मिळवून एक वजा करायची कल्पना त्यानंतर दिली तर पचते, आधी दिली तर तीही एक पाठ करायची युक्ती होऊन बसते.

सूत्रंही पाठ हवीतच. साइन, कॉस, लॉग, इन्व्हर्स टॅन, यांचे डेरिव्हेटिव्ह जिभेवर नसतील तर अंदाज तरी कशाच्या जोरावर बांधणार? बाय पार्ट्सही मी शिकवतो, बोर्डाच्या पेपरात ते रीतसर मांडावं लागतं. फक्त ते सूत्र म्हणून आधी येत नाही. दोन-तीन दिवस मुलं त्या मुलीसारखी बाकी काढत राहतात, आणि मग मी दाखवतो, की तुम्ही जे करताय त्याचंच हे सूत्र, गुणाकाराच्या नियमाची दुसरी बाजू.

याची किंमत आहे. वेळ जातो. पहिल्या वर्षी माझा अभ्यासक्रम तीन आठवडे मागे पडला आणि पालक भेटायला आले. सीईटीला ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न असतात, तिथं पोरं अंदाज बांधत बसणार का, असं एका वडिलांनी विचारलं. त्यांची काळजी खरी होती. मी त्यांना सांगितलं, की तिथं तर चार पर्याय समोर छापलेले असतात, म्हणजे अंदाज आयतेच दिलेले असतात, आणि ताळा करता येणाऱ्याला ते तपासता येतात. त्यांचं पूर्ण समाधान झालं नाही. माझ्या सगळ्या मुलांचे मार्क वाढले, असंही मी म्हणणार नाही. जी मुलं टाइप पाठ करून चांगले मार्क आणायची, त्यातल्या काहींना हा बदल सुरुवातीला जड गेला. पण पान कोरं ठेवणारी मुलं कमी झाली, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. चाचणीत आता ताळ्याला एक मार्क असतो. उत्तर चुकलं आणि ताळ्यात ते चुकल्याचं दिसलं, तरी तो मार्क मिळतो.

त्या मुलीला हे सांगायचं राहून गेलं. बारावीनंतर ती शिकायला बाहेरगावी गेली, एवढंच कानावर आलं. तिच्या वहीवरची ती लाल रेघ मला अजून दिसते.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगा तास संपल्यावर थांबला. ईचा घात एक्सचा वर्ग, हे गणित घेऊन बसला होता. पुस्तकात त्याच्यापुढे एक्स आहे, यानं उतरवताना तो गाळला होता. एक्स असता तर ते दोन ओळींचं गणित होतं. यानं नेहमीसारखं दोन एक्सनं भागून ताळा केला होता, बाकी राहिली होती. ती घालवायला आणखी एक पद मिळवलं होतं, पुन्हा बाकी. दोन पानं भरली होती. म्हणाला, "सर, बाकी संपतच नाही. कुठं चुकतंय?"

मी वही वरपासून खालपर्यंत बघितली. एकही चूक नव्हती. मी त्याला सांगितलं, की लिउव्हिल नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १८३० च्या दशकात हे सिद्ध केलंय: आपल्या ओळखीच्या फंक्शनांमध्ये या गणिताचं उत्तर लिहिताच येत नाही. तुझी बाकी संपणारच नव्हती.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण सर, कर्व्ह तर आहे. त्याच्या खालचा एरिया पण असेलच ना?"

आम्ही आलेख कागद काढला. शून्यापासून एकपर्यंत. डाव्या टोकाला उंची एक, उजव्या टोकाला २.७१८. चार पट्ट्या पाडल्या, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंची उंची कॅल्क्युलेटरवर काढली, बेरीज केली. १.४९ आलं. आठ पट्ट्या केल्या, १.४७ आलं. बाहेर अंधार पडायला लागला होता, शिपाई वर्ग बंद करायला आला, म्हणून तिथंच थांबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी लावत होतो तेव्हा तो वही घेऊन पार्किंगमध्ये उभा होता. सोळा पट्ट्या करून आला होता. १.४६४.